न तुटलेला टाका

१

हणमंतरावांच्या पोटाचे टाके उसवले तेव्हा ते पलंगावर बसून मुलाकडे नाश्त्याची तक्रार करत होते. त्यांना भूक लागली होती. आतड्याचा तुकडा काढलेल्या माणसाला इतक्या लवकर इतकी भूक लागते याचं सगळ्या वॉर्डला कौतुक होतं. बोलता बोलता ते जरा पुढे वाकले, पोटावर काहीतरी कोमट आणि ओलं लागलं म्हणून त्यांनी सदरा वर केला. त्यांच्या मुलाने, प्रतीकने, त्या क्षणी जे पाहिलं ते नंतर कुणालाही पुरतं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की बाबांना दुखत नव्हतं, ते नुसते बघत राहिले.

पोट पुन्हा शिवलं. तेही धरलं नाही. आठवडा उलटायच्या आत हणमंतराव गेले आणि लातूरकडच्या एका गावात मास्तरकी केलेल्या या माणसाला मुलाने दिल्लीत अग्नी दिला.

ते तिसरे होते. त्यांच्या आधी हेमांगी नावाची, नोएडातल्या आयटी कंपनीत काम करणारी बाई, आणि तिच्या आधी नाशिकचे एक निवृत्त गृहस्थ. ते दोघं वाचले, पण पोटावर उघडी जखम घेऊन. तिघांची ऑपरेशनं झाली होती नोएडातल्या एकाच खासगी हॉस्पिटलात, जिथे तळमजल्यावर कॉफीचं दुकान असतं आणि वरच्या मजल्यांवर आजारी माणसं. तिघं मराठी होते. आणि तिघांची सर्जन एकच होती, डॉक्टर नीला.

हॉस्पिटलने चौकशी समिती नेमली आणि समितीचा निकाल लागेपर्यंत नीलाने चाकूला हात लावायचा नाही असं ठरलं. चाळिशी गाठायच्या आत नाव कमावलेली बाई दुपारी दोन वाजता मयूर विहारच्या घरी आली आणि सोफ्यावर हात मांडीत घेऊन बसली. ती रडली नाही. रडली असती तर तिच्या वडिलांना बरं वाटलं असतं.

"बाबा, मला एकदा कुणीतरी खरं सांगा," ती म्हणाली. "माझ्या हातात काही बिघडलंय का?"

राजाभाऊंनी उभी हयात एका मंत्रालयाच्या दक्षता शाखेत घालवली होती. कुठल्या पुलातलं सिमेंट कुणी खाल्लं हे शोधून काढायचं त्यांचं काम. शोधून काढल्यावर पुढे काही होत नसे, हा भाग वेगळा. पण शोधल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे, आणि आता तर प्रश्न त्यांच्या एकुलत्या एका लेकीने विचारला होता. नीलाच्या हातात दोष असेल तर ती पुन्हा सर्जन म्हणून उभी राहणार नव्हती. नसेल, तर दोष कुठे आहे ते कुणीतरी दाखवून द्यायला हवं होतं.

आतून इंदुमतीबाई आल्या. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून त्या नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, तुम्ही शोधा. माझ्या पोरीच्या हाताला यश होतं. कुणीतरी मुद्दाम केलंय हे. सापडला की सोडू नका त्याला."

राजाभाऊंनी बायकोला शब्द दिला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला दिलेले बरेच शब्द मोडले होते, हा मात्र पाळायचा असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

२

हॉस्पिटल एकही कागद दाखवायला तयार नव्हतं. हरकत नाही, असं राजाभाऊ म्हणाले. कागद खोटं बोलतात ते कायमचं, माणसं खोटं बोलतात ती दमेपर्यंत.

पहिला माणूस घरातलाच निघाला. यशोधन, त्यांचा पुतण्या. नोएडातल्या हॉस्पिटलांना तो टाक्यांचा दोरा, हातमोजे, नळ्या असला माल पुरवायचा. राजाभाऊ त्याच्या गोदामावर गेले तेव्हा काका आले म्हणून त्याने चहा मागवला, आणि काकांनी दोऱ्याचा विषय काढल्यावर चहा घ्यायचं विसरला.

यशोधनला लहानपणी आंबा चोरल्यावरही कानामागे घाम यायचा. आताही आला. बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर त्याने कबूल केलं, की यंदा दोऱ्याची कंपनी बदलली. नवी कंपनी स्वस्तात देते. हॉस्पिटलला सांगितलं नव्हतं, डबा मात्र तसाच दिसतो.

राजाभाऊंनी कप खाली ठेवला. सापडला, असं त्यांना वाटलं, आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं, कारण हा पोरगा त्यांच्या अंगाखांद्यावर वाढला होता.

"पण काका, एक ऐका," यशोधन म्हणाला. "तोच माल सगळ्या थिएटरांत जातो. हाडांचे डॉक्टर, बायकांचे डॉक्टर, सगळे तोच वापरतात. बिल्कुल एकही तक्रार नाही. नीलाताईच्याही बाकीच्या पेशंटना तोच दोरा आहे. मी लबाडी केली, मान्य. पण माणूस नाही मारला."

खोटं बोलणारा माणूस आपण लबाडी केली असं सहसा म्हणत नाही. तरी राजाभाऊंनी त्याला सोडलं नाही, मनातल्या मनात फक्त बाजूला ठेवलं.

घरी आले तेव्हा इंदुमतीबाई डबे भरत होत्या. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या बायकांचा हा जुना रिवाज. गावाकडून कुणी मराठी माणूस उपचाराला आला, की त्याला हॉस्पिटलची दाल मखनी खायला लावायची नाही, ऑपरेशनच्या आधीपासून तो चालायला लागेपर्यंत घरचा डबा पोचवायचा. इंदुमतीबाई या कामातल्या सेनापती. नीलाच्या मराठी पेशंटचे डबे तर, मग ते दिल्लीतलेच का असेनात, त्या स्वतःच करत. मऊ भात, वर साजूक तूप, आणि मेतकूट. बाहेरचं अन्न हॉस्पिटलात चालत नसे, पण आईच्या डब्यापुरती नीलाने आपल्या अधिकारात परवानगी दिलेली होती.

राजाभाऊंना भूक होती. ते ताटात भात घेऊन बसले आणि फळीवरच्या मेतकुटाच्या बरणीला त्यांनी हात घातला.

"ती नको," इंदुमतीबाई म्हणाल्या. "ती आजारी माणसांची. तुमची ही." आणि त्यांनी दुसरी बरणी पुढे सरकवली. त्यांच्या मनगटावर बांगड्यांचे निळे वळ उठले होते. वय झालं की कातडी अशीच होते, असं त्या म्हणायच्या.

दोन पिशव्या उचलून त्या तरतरा जिना उतरून गेल्या. गेल्या वर्षापर्यंत याच बाई प्रत्येक पायरीला गुडघ्यावर हात ठेवून देवाचं नाव घ्यायच्या. राजाभाऊंनी त्या गुडघ्यांबद्दल देवाचे मनापासून आभार मानले आणि भात कालवायला घेतला.

तेवढ्यात नीलाचा फोन आला. तिची सगळी ऑपरेशनं आजपासून तिच्या हाताखालच्या अंशुमनकडे दिली होती. आणि ती आणखी एक गोष्ट म्हणाली, जी तिला आतापर्यंत सांगावीशी वाटली नव्हती. त्या तिन्ही पेशंटची पोटं शेवटी शिवून बंद केली होती ती तिने नव्हे, अंशुमनने.

३

अंशुमन त्रिवेदी कानपूरचा. चार वर्षं नीलाच्या हाताखाली काम केलेला, हुशार, आणि आता तिच्या जागेवर बसलेला. हॉस्पिटलबाहेरच्या टपरीवर तो राजाभाऊंना भेटायला आला खरा, पण कुणी बघत नाही ना हे दोनदा बघून मगच बाकड्यावर बसला.

राजाभाऊंनी त्याला आडवळणाने काही विचारलं नाही. पोट बंद तू करतोस, नीला गेली की जागा तुला मिळते, आणि पोटं उसवतात, असं तीन वाक्यांत त्याच्यापुढे ठेवलं. अंशुमन चिडेल असं त्यांना वाटलं होतं. तो चिडला नाही. त्याने मान खाली घातली, आणि राजाभाऊंना उमगलं, की हे सगळं हा मुलगा स्वतःला रोज विचारतो आहे.

तो सांगू लागला. मॅडम आतलं मुख्य काम करतात, पोट मी शिवतो, मॅडम समोर उभ्या राहून बघतात. सगळ्याच पेशंटचं असंच असतं. तिघांच्या जखमांत पू नव्हता, ताप नव्हता, लाली नव्हती. जखमा इतक्या स्वच्छ होत्या, की बघून भीती वाटावी. हणमंतरावांना पुन्हा टेबलावर घेतलं तेव्हा दोरा तुटलेला असेल किंवा गाठ सुटली असेल अशा हिशेबाने त्याने पोटात पाहिलं.

"टाँका टूटा नहीं था, अंकल," तो हळू आवाजात म्हणाला. "एक भी नहीं. गाँठ भी वैसी की वैसी. टाँका अपनी जगह था, मांस उसके आर-पार कट गया था."

राजाभाऊंच्या हातातला चहा निवत गेला. दोरा तुटला नव्हता, म्हणजे यशोधन सुटला. गाठ सुटली नव्हती, म्हणजे अंशुमनही सुटला. एका वाक्यात दोन संशयित गेले आणि हातात काही उरलं नाही.

हे समितीला का सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं. सांगितलं होतं, अंशुमन म्हणाला. समितीने ऐकून घेतलं आणि म्हटलं, मग टाका कडेच्या फार जवळ घेतला असेल, आणि ते बघायची जबाबदारी डॉक्टर नीलाची होती. खरी गोष्ट सांगून त्याने मॅडमच्या गळ्यातला फास आवळला होता.

उठताना त्याला आणखी एक आठवलं. तिघांचीही साखर ऑपरेशनच्या सुमारास वाढलेली सापडली होती, आणि तिघांनाही आधी मधुमेह नव्हता. ऑपरेशनच्या ताणाने वाढते कधी कधी, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

मेट्रोत बसल्यावर राजाभाऊंनी डोळे मिटले. शिवणारा बरोबर, दोरा बरोबर, गाठ बरोबर. म्हणजे जे शिवलं तेच कच्चं होतं. त्या तिघांचं मांस कुणीतरी आधीच कच्चं करून ठेवलं होतं, आणि ते करणारा त्यांच्या अगदी जवळ पोचत होता.

४

हेमांगी नोएडाच्या एका सेक्टरात चौदाव्या मजल्यावर राहायची. पोटाला रुंद पट्टा बांधून, लॅपटॉप बाजूला सारून तिने राजाभाऊंना बसायला सांगितलं. दुसऱ्या ऑपरेशननंतरही तिची जखम पुरती मिटली नव्हती. रोज पट्टी बदलायची, रोज तेवढीच उघडी दिसायची. नवरा नोकरी सांभाळून जमेल तितकं करत होता, आणि जमेल तितकं फारसं पुरत नव्हतं.

तिचा नीलावर राग नव्हता. तिला कळत नव्हतं ते वेगळंच होतं. ऑपरेशनच्या आधीचे ते दिवस आणि नंतरचे पहिले काही दिवस तिला इतकं छान वाटत होतं, जितकं वर्षानुवर्षं वाटलं नव्हतं. सारखी भूक. झोप कमी, पण थकवा नाही. संगणकावर बसून धरलेली पाठ मोकळी झाली होती. गाल असे भरले, की ऑफिसातल्या मैत्रिणी व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, यार, तू आजारी आहेस का सुट्टीवर?

"काकूंच्या डब्याची कृपा, असं मी सगळ्यांना सांगायचे," ती म्हणाली. "माझी आई असती तरी एवढं केलं नसतं."

हणमंतरावही सारखे भुकेले होते. नाशिकच्या गृहस्थांनी फोनवर तेच सांगितलं, आणि प्रतीकला विचारलं, तर त्यानेही. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात उतरून बापलेक तपासण्यांसाठी चकरा मारत होते तेव्हापासून बाबांच्या तोंडावर तेज आलं होतं. सांधे दुखायचे थांबले होते. दिल्लीचं पाणी मानवलं, असं बाबा म्हणायचे.

राजाभाऊंनी आयुष्यभर माणसं पाहिली होती. पोट उसवायच्या आधी तिघंही इतकी मजेत असावीत हे त्यांना पटेना. आणि तिघांना जोडणारी एकच गोष्ट वरचेवर समोर येत होती, जिच्याकडे बघायची त्यांची इच्छा नव्हती. डबा.

पण डबा तर वल्लरीलाही जात होता. ही नीलाचीच पेशंट, दिल्लीत जन्मलेली मराठी मुलगी, गेल्याच महिन्यात तिचं फुटलेलं अपेंडिक्स पोट मोठं उघडून काढलं होतं. आणि तिची जखम भरली होती, छान. एवढा एक धागा घट्ट धरून राजाभाऊ करोलबागेत तिच्या घरी गेले. डबा निर्दोष आहे हे त्यांना कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

वल्लरीने दार उघडलं ते उड्या मारतच. आजींचा डबा एकदम मस्त होता, असं ती म्हणाली. काय काय खायचीस, असं राजाभाऊंनी विचारलं. भात, तूप, दही. सगळं खायचे.

"बस, वो येलो पावडर नाही," ती म्हणाली. "काय म्हणतात त्याला मला नाही माहीत. थोडा कडवा लगता था. मी रोज चमच्याने बाजूला काढून टाकायचे. आजींना सांगू नका हं."

राजाभाऊ नाही सांगणार म्हणाले. मग त्यांनी जिना उतरताच रिक्षा केली, इंदुमतीबाई डबे पोचवून यायच्या आत त्यांना घरी पोचायचं होतं.

५

त्यांनी आजारी माणसांच्या बरणीतलं मेतकूट कागदात बांधून ओखल्याच्या एका प्रयोगशाळेत दिलं, आणि ती बरणी लपवून तिच्या जागी घरच्या मेतकुटाची तशीच बरणी ठेवली. निकाल हातात येईपर्यंत ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत. बायकोने वाढलेलं जेवले, तिने विचारलेल्याला हूं म्हणाले. आपण ज्या पुरुषाला शोधतोय तो पुरुषच नसावा, ही गोष्ट मनात घेऊन तिच्या शेजारी झोपणं किती अवघड असतं ते त्यांना त्या रात्रींत समजलं.

निकाल आला त्या दुपारी इंदुमतीबाई मंडळात गेल्या होत्या. राजाभाऊंनी नीलाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि समोर बसवलं.

माणसाचं मांस टाका धरेनासं कशाने होतं, असं त्यांनी विचारलं. नीलाने परीक्षेतल्यासारखी कारणं सांगितली. उपासमार. पण तिघं पोटभर जेवत होते. पू होणं. पण जखमा स्वच्छ होत्या. जुना मधुमेह. पण तो नव्हता. आणि मग ती थांबली. भूक वाढते, दुखणं थांबतं, झोप उडते, चेहरा गोल होतो, साखर चढते, जखमेला लालीसुद्धा येत नाही, आणि आतलं मांस ओल्या कागदाइतकं दुबळं होतं. असं करणारं एकच औषध तिला माहीत होतं.

"स्टिरॉइड," ती म्हणाली. "पण बाबा, मी कुणालाही लिहून दिलं नव्हतं."

"तू नाही दिलंस," राजाभाऊ म्हणाले. "नीट ऐक. टाका तुटला नाही, म्हणून दोरा आणि गाठ सुटली. हाताचा दोष म्हणावा, तर त्याच हातांनी शिवलेले पंजाबी, बिहारी, बंगाली बरे होऊन घरी गेले. हात काही भाषा विचारत नाहीत. मराठी माणसांनाच काय होतं? डबा होता. डबा वल्लरीलाही होता, पण ती मेतकूट टाकून द्यायची. ती एकटी बरी झाली."

त्यांनी बरणी टेबलावर ठेवली. शेजारी प्रयोगशाळेचा निकाल ठेवला. नीलाने तो वाचला नाही. ती बरणीकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हळूहळू येत गेलं ते बघवत नव्हतं म्हणून राजाभाऊ खिडकीपाशी गेले.

तिला आईचे गाल आठवत होते. वर्षभरात गोल झालेले. मनगटावरचे निळे वळ. अचानक बरे झालेले गुडघे. एखाद्या अनोळखी बाईच्या अंगावर हे दिसलं असतं तर तिने दारातच ओळखलं असतं. आईला ती रोज बघत होती, म्हणून तिला काहीच दिसलं नव्हतं.

दाराची कडी वाजली. इंदुमतीबाई रिकाम्या डब्यांच्या पिशव्या घेऊन आल्या, दोघांना असं एकत्र बघून त्यांना आशा वाटली.

"सापडला का तो?" त्यांनी विचारलं.

राजाभाऊ टेबलापाशी परत आले आणि बरणी त्यांनी पुढे सरकवली. मग विचारलं, की इंदू, या बरणीत मेतकुटाशिवाय काय आहे?

इंदुमतीबाई लाजल्या. पकडलं गेल्यावर माणूस लाजतो तितपतच. हरियाणातल्या एका गावात एक वैद्य आहे, त्याची पुडी. गेल्या दिवाळीपासून मीच घेते. गुडघ्यांना अमृत आहे. जखमा लवकर भरतात, अंगात ताकद येते, असं तो शपथेवर सांगतो. चवीला जरा कडू, पण मेतकुटात मेथी असतेच, कुणाला कळत नाही. नीलाला सांगितलं असतं तर तिने फेकून दिली असती, डॉक्टर लोकांना वैद्यांचं वावडं. म्हणून गप्प राहिले. नीलाच्या पेशंटना इतरांपेक्षा लवकर बरं वाटावं, तिचं नाव व्हावं, एवढंच होतं मनात.

हे सगळं त्यांनी एका दमात, जरा कौतुकानेच सांगितलं. सांगता सांगता त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग टेबलावरच्या कागदाकडे. त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"म्हणजे हणमंतरावांना मी..." त्या म्हणाल्या, आणि डब्यांच्या पिशव्या त्यांनी खाली ठेवल्या.

६

राजाभाऊंनी नोकरीत कितीतरी चोर पकडले होते. पकडल्यावर हलकं वाटायचं. या वेळी तसं काही झालं नाही. सत्य हातात होतं आणि ते दोन्ही बाजूंनी कापत होतं. सांगावं तर बायको जाते, लपवावं तर लेक जाते.

निवड त्यांना करावी लागली नाही. समितीपुढे जायचं इंदुमतीबाईंनीच ठरवलं. नेसणीच्या साडीत, पाठ ताठ ठेवून त्या गेल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. माझ्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं, तिच्या हाताला दोष देऊ नका, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. समितीतल्या लोकांनी सभ्यपणे ऐकलं. पाणी दिलं. आणि मग त्यांतल्या एकाने नीलाला एवढंच विचारलं, की बाहेरच्या अन्नाला बंदी असताना हा डबा वॉर्डात कुणाच्या परवानगीने येत होता?

माझ्या, असं नीला म्हणाली.

तिथे सगळं संपलं. हात निर्दोष ठरले आणि नोकरी गेली. मेडिकल कौन्सिलकडे प्रकरण गेलं, पोलिसांनी वैद्याचं घर गाठलं तर त्याला कुलूप होतं, आणि इंदुमतीबाईंचा जबाब मात्र व्यवस्थित नोंदवला गेला. कोर्टाच्या तारखा पडायच्या होत्या. कुठल्याही हॉस्पिटलात नीलाला कुणी उभं करणार नव्हतं, हे अंशुमनने फोनवर रडत सांगितलं. तो रडला याचं राजाभाऊंना बरं वाटलं, पण त्या बरं वाटण्याचा काही उपयोग नव्हता.

प्रतीकला सांगायला राजाभाऊ स्वतः गेले. राजेंद्र नगरच्या त्याच्या खोलीत भिंतभर भारताचा नकाशा होता आणि खाली पुस्तकांच्या थप्प्या. स्पर्धा परीक्षा तोंडावर आली होती, तो अभ्यास करत नव्हता. राजाभाऊंनी हात जोडले आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. तो शिव्या देईल, मारेल, यासाठी ते तयार होते.

"बाबांचा हात थरथरायचा, काका," प्रतीक म्हणाला. "मीच भरवायचो. त्यांना आवडायचं म्हणून मी माझ्या वाटचंही मेतकूट त्यांच्या भातावर घालायचो. हे मला कशाला सांगितलंत?"

राजाभाऊंचे जोडलेले हात खाली आले. शोधल्याशिवाय झोप लागत नसे म्हणून त्यांनी शोधलं होतं, आणि आता या मुलाची झोप कायमची गेली होती. ते उठले, जोडे घातले आणि निरोप न घेताच जिना उतरले.

घरी वेगळंच वाढून ठेवलं होतं. समितीपुढून आल्या त्या दिवशी इंदुमतीबाईंनी पुड्या आणि दोन्ही बरण्या मोरीत ओतल्या होत्या आणि त्यानंतर वैद्याचं काही तोंडात घातलं नव्हतं. आता त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय गार. नीलाने नाडी धरली, दाब पाहिला आणि तिच्या लक्षात आलं. वर्षभर बाहेरून मिळणाऱ्या औषधाच्या भरवशावर शरीराने स्वतःचं काम थांबवलं होतं. एकदम तोडलं की माणूस कोसळतो. डॉक्टर बोलावला, सलाईन लागलं, त्या कशाबशा सावरल्या. पण पुढे महिनोन्‌महिने तेच औषध मोजून द्यायचं आणि थोडं थोडं कमी करत न्यायचं, याशिवाय वाट नव्हती.

राजाभाऊ खोलीत आले तेव्हा नीला पलंगाच्या कडेला बसली होती. तिच्या तळहातावर एक लहान पांढरी गोळी होती. इंदुमतीबाईंनी ओठ घट्ट मिटले होते.

"तेच आहे ना हे?" त्यांनी विचारलं.

"तेच आहे," नीला म्हणाली.

"ज्याने तो माणूस गेला, ते खाऊन मी जगायचं? मला नको. जाऊ दे मला."

नीलाने गोळी धरलेला हात आईच्या तोंडापाशी नेला. हे हात आता दुसरं कुठलंच काम करणार नव्हते, आणि ते जराही थरथरत नव्हते. राजाभाऊंनी ते पाहिलं आणि पाण्याचा पेला भरून घेतला.

"आई, मला तुझा इतका राग आलाय, की तुझ्याकडे बघवत नाही," ती शांतपणे म्हणाली. "तू गेलीस तर हा राग घेऊन मी कुठे जाऊ? तोंड उघड."

इंदुमतीबाईंनी डोळे मिटून तोंड उघडलं. नीलाने गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली. राजाभाऊंनी पाण्याचा पेला बायकोच्या ओठांना लावला आणि दोघींपैकी कुणाकडेही न बघता तो रिकामा होईपर्यंत तसाच धरून ठेवला.